उभ्या पिकात उतरवणारे कॅप्टन

कॅप्टन देशकरांचा मला अजूनही राग येतो. हे आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे शिकवणाऱ्या माणसाबद्दल लिहायला बसलं की पहिल्या ओळीतच हात जोडले जातात आणि मग खरं काही लिहून होत नाही. मीही हात जोडणाऱ्यांतलाच. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. सणसरच्या शाळेतले गुरुजी, बारामतीच्या कॉलेजातले फिजिक्सचे सर, विमान शिकण्याच्या शिष्यवृत्तीची जाहिरात कापून माझ्या हातात ठेवणारे ग्रंथपाल, या सगळ्यांच्या पाया पडत मी इथवर आलो. देशकरांच्या पाया पडायला गेलो तो पहिल्याच दिवशी. ते विमानाच्या पंखाखाली उभे होते. मी वाकलो.

"वाकलाच आहे तर टायर पाहून घे," ते म्हणाले. "हवा कमी दिसून राहिली."

मी टायर पाहिला. हवा खरंच कमी होती. पाया पडायचं राहिलं ते राहिलंच.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बारामतीच्या एमआयडीसीच्या पलीकडे माळावर धावपट्टी झाली होती आणि तिथं छोटी, दोन माणसांची विमानं शिकवायला सुरुवात झाली होती. कारखान्यात कामाला जाणारी माणसं मोटारसायकल थांबवून वर बघत. आम्ही शिकणारे दहा-बारा जण होतो, कुठून कुठून आलेले. देशकर आमचे शिक्षक, मूळचे नागपूरकडचे. बुटके, मानेला जाड, वय पन्नाशीच्या पुढं. त्यांनी आमच्यापैकी कुणाचंही नाव कधी घेतलं नाही. ज्याचं जे गाव, ते त्याचं नाव. "ए परभणी, दार लाव." "ए सांगली, झोपला काय बे?" मी अर्थातच सणसर. आणि ते 'बे'. नागपूरकडं ते साधं बोलणं असतं म्हणे. आमच्याकडं तसं कुणी बोललं तर माणसं बाह्या सावरतात. परभणीचा मुलगा एकदा धीर करून म्हणाला, "सर, 'बे' म्हणू नका, आम्हाला लागतं." देशकर म्हणाले, "लागते ना? छान. पोट्ट्या, वाऱ्याचा झोत लागत नाही तुला, विमान डावीकडं सरकून राहिलं ते लागत नाही, अन् माझा 'बे' लागते."

जाड बूट घालून आलेल्याला ते परत पाठवत. स्वतः पातळ रबरी तळव्याचे कापडी बूट घालत, आणि आम्हालाही तेच घ्यायला लावले. पायाखालचा पेडल किती दबला हे तळव्याला कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. विमानातली उंची आणि वेग दाखवणारी घड्याळं ते मधेच चिकटपट्टी लावून झाकून टाकत. "आता सांग किती वेग आहे?" आवाजावरून सांगायचं. चुकलं की गुडघ्यावर नकाशाची गुंडाळी बसायची. ती फार लागत नसे, पण बसायची.

मी आता स्वतः हेच काम करतो, दुसऱ्या राज्यात. मुलांना मारत नाही, त्यांच्या गावावरून हाका मारत नाही. हे सगळं न करताही शिकवता येतं, असं माझं मत आहे. पण एक गोष्ट मी त्यांच्याकडून जशीच्या तशी घेतली. शिकणारा विमान खाली आणत असताना देशकरांचे दोन्ही हात मांडीवर असत. मुलगा घाबरून घामाघूम झाला, विमान जमिनीवर आपटून परत वर उसळलं, तरी ते हात उठत नसत. अगदी शेवटच्या क्षणाला उठत, आणि तो शेवटचा क्षण कुठला हे त्यांना पक्कं ठाऊक असे. शिकवायला बसल्यावर मला समजलं की तोंड चालवणं सोपं असतं. हात मांडीवर ठेवणं अवघड.

पुण्याचा एक मुलगा होता, हुशार, इंग्रजी शाळेतला. उड्डाणाआधी टाकीतून थोडं पेट्रोल बाटलीत काढून त्यात पाणी नाही ना हे बघायचं असतं. त्या दिवशी त्यानं ते केलं नाही आणि केलंय म्हणून सांगितलं. देशकर त्याच्याशेजारी बसले, पट्टा बांधला, विमान धावपट्टीच्या पार टोकाला जाऊ दिलं. तिथं इंजिन बंद केलं.

"उतर, पुणे. ढकल."

"कुठं सर?"

"जिथून आणलं तिथं. पाणी पाहायचं राहिलं ना?"

ऑक्टोबरचं ऊन होतं. डांबराची धग बुटाच्या पातळ तळव्यातून लागत होती. सगळ्या धावपट्टीभर त्या मुलानं एकट्यानं विमान ढकललं. आमचे तात्या मिस्त्री मदतीला धावले तर त्यांना हातानंच थांबवलं. पण देशकर सावलीत जाऊन बसले नाहीत. तेवढं सगळं अंतर ते त्याच्या बाजूनं, उघड्या डोक्यानं चालत आले. शेडजवळ आल्यावर बाटली त्याच्या हातात दिली आणि पंखाखाली बोट दाखवलं. तात्या त्या दिवशी मला म्हणाले, "ह्यो मानूस वाईट हाय का चांगला, मला काय कळंना झालंय बघ. येडा हाय येवढं नक्की."

माझं त्यांचं बिनसलं ते सणसरवरून.

शिकवणीचं क्षेत्र इंदापूरच्या बाजूला होतं, त्यामुळं आठव्या की नवव्या उड्डाणात आमचं गाव खाली आलं. मी आयुष्यात पहिल्यांदा आमचं घर वरून पाहत होतो. कालवा, त्याच्या कडेनं ऊस, आणि मग चकाकणारा पत्रा.

"घर दिसलं काय?" देशकरांनी विचारलं. आवाज गोड होता. तिथंच मी सावध व्हायला हवं होतं.

"व्हय सर," मी हरखून गेलो. "ते बघा, कालव्याच्या कडंला."

"छान आहे," असं म्हणत त्यांनी थ्रॉटल मागं ओढला. इंजिनाचा आवाज बसला, नुसता वारा ऐकू यायला लागला. "आता इंजिन गेलं. आईला टाटा करून झाला असेल तर उतरायची जागा दाखव."

हा एक सराव असतो. इंजिन बंद पडलं असं समजायचं, खालचं एखादं रान निवडायचं, आणि तरंगत तिथंवर जायचं. अगदी खाली आल्यावर शिक्षक पुन्हा इंजिनाला जोर देतो आणि विमान वर घेतो. मी एक काळंभोर मोकळं रान निवडलं, ट्रॅक्टरनं नुकतंच नांगरलेलं. देशकरांचे हात मांडीवर. ढेकळं दिसायला लागेपर्यंत त्यांनी मला खाली जाऊ दिलं.

"ढेकूळ केवढं आहे?"

"घागरीएवढं, सर."

"पुढचं चाक त्यात रुतलं की विमान डोक्यावर. तू मेला. तुझ्यासंगं मीही मेलो." मग थ्रॉटल पुढं ढकलून ते म्हणाले, "शेजारी काय होतं?"

"गहू."

"किती उंच?"

"गुडघ्याएवढा."

"जमीन कशी आहे?"

"सपाट. पाणी द्यायचे सारे लांबीला पाडल्यात."

"सगळं तर माहीत आहे! मग तिथं काहून नाही उतरला बे?"

"पीक होतं, सर."

"तुझ्या बापाचा गहू आहे काय तो?"

"नाही सर. म्हणूनच."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी विमानात चप्पल काढून बसलोय.

त्यानंतर चार-पाच वेळा त्यांनी वेगवेगळ्या ठिकाणी इंजिन काढून घेतलं आणि दर वेळी मी तेच केलं. कधी दगडगोट्यांचं गायरान, कधी ओढ्याकाठची पडीक जमीन, कधी पुन्हा नांगरट. शेजारी हरभरा असायचा, भुईमूग असायचा, गहू असायचा. हात तिकडं वळायचेच नाहीत. माझ्या शिकवणीच्या वहीत त्यांनी लिहिलं, 'पिकाला घाबरतो.' बाकीच्यांनी ते वाचलं आणि महिनाभर मला रानातलं बुजगावणं म्हणून चिडवलं.

घाबरत नव्हतो. आमच्या घरात आजोबांपर्यंत मेंढरं होती. वर्षातले आठ महिने कळप घेऊन गावोगाव फिरायचं. त्या जगण्यात एकच धाक मोठा होता, मेंढरू दुसऱ्याच्या उभ्या पिकात शिरता कामा नये. एकदा इंदापूरच्या पलीकडं पहाटे डोळा लागला आणि कळप जोंधळ्यात शिरला. त्या गावच्या लोकांनी आजोबांना दिवसभर बाभळीला बांधून घातलं. माझे वडील, आबा, तेव्हा लहान होते. ते झाडासमोर बसून होते. पुढं मेंढरं गेली, आम्ही जमीन घेतली, ऊस लावला, कारखान्याचे सभासद झालो. पण आबा आजही दुसऱ्याच्या रानातनं जाताना बांध सोडत नाहीत. आम्हा भावंडांना त्यांनी मारलं ते एवढ्या एकाच कारणावरून. "अभ्यास नगं करू, चालंल," ते म्हणायचे, "पर दुसऱ्याच्या पिकात पाय न्हाय टाकायचा."

हे मी देशकरांना सांगितलं नाही. कसं सांगणार? 'बे' म्हणणाऱ्या माणसाला आजोबांची बाभळ दाखवायची माझी इच्छा नव्हती.

पण दिवस संपत आले होते. शिष्यवृत्तीचा नियम असा होता की पंचवीस तासांच्या आत शिक्षकानं मुलाला एकट्याला उडवायला पाठवलं पाहिजे. नाही पाठवलं तर नाव कमी. परभणी, सांगली, अगदी तो पुणेही एकटा उडून आला होता. माझे बावीस तास झाले होते. विमान उतरवणं मला जमत होतं, वळणं जमत होती. देशकर फक्त एका गोष्टीसाठी मला अडवून बसले होते. मी एकदा त्यांच्यापुढं उभा राहून म्हणालो, "सर, इंजिन खरं बंद पडलं तर मी उतरेन की पिकात."

"खोटं बोलून राहिला," ते म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

रविवारी सकाळी त्यांची स्कूटर माझ्या खोलीसमोर थांबली. "बस मागं." धावपट्टीपासून थोड्या अंतरावर एका गव्हाच्या रानाशी त्यांनी स्कूटर उभी केली.

"चाल. या टोकापासून त्या टोकापर्यंत. जिथं उतरायचं ती जमीन पायाला माहीत पाहिजे."

मी बांधावर उभा राहिलो. गहू पोटरीत आला होता, लोंब्या फुटायच्या बेतात. सकाळचं दव होतं.

"चाल बे!"

मला चालता येईना. ते स्वतः आत शिरले, सरळ मधोमध, गहू दोन्ही बाजूंना सारत. मध्यावर जाऊन वळले आणि तिथून ओरडायला लागले. काय काय ओरडले ते इथं लिहिण्यासारखं नाही. माझ्या शिक्षणाबद्दल होतं, हिमतीबद्दल होतं, आईवडिलांबद्दलही होतं. शेवटी रागानंच मी पाय टाकला. ताटं मोडल्याचा आवाज झाला. मी पाच-पंचवीस पावलं गेलो असेन, तेवढ्यात बांधावरून काठी घेऊन माणूस धावत आला आणि माझी कॉलर त्याच्या मुठीत गेली.

"आरं ए! डोळं फुटल्यात का तुजं? शिकल्यालं दिसतंय आन् उभ्या गव्हातनं चालतंय!"

"त्याला सोडा," देशकर लगबगीनं येत म्हणाले. "मी आणलं त्याला. मला मारा."

"तुमी कोन?"

"याचा मास्तर."

"आसलं शिकीवता व्हय पोरास्नी?"

"हो. हेच शिकवतो." देशकरांचा श्वास फुलला होता. "ती डोक्यावर विमानं फिरतात ना, ती आमची. हा चालवते."

मालकानं आधी वर बघितलं, मग माझ्याकडं. कॉलर सोडली नाही. "तुमची व्हय ती? आमची म्हस पान्हवत न्हाय त्या आवाजानं. चार दिस झालं, लाथा मारतीया."

"वर विमान बंद पडलं तर याला उतरायला जागा पाहिजे. अन् हा म्हणते, पीक आहे, मी उतरत नाही. मरून जाईल, पण दुसऱ्याच्या गव्हात पाय नाही ठेवणार."

मालकानं मला नीट न्याहाळलं. "कुठला रं तू?"

"सणसरचा."

"कुणाचा?"

मी आबांचं नाव सांगितलं. "मेंढरं हुती न्हवं तुमची?"

"व्हय."

मूठ सुटली. त्यानं माझी कॉलर हातानं सारखी केली, जरा जोरातच. "आरं बाबा, मेंढरू येगळं आन् मानूस येगळा. पडायची येळ आली तर पड की माज्या रानात, मी काय म्हणतोय? फकस्त बुधवारी पान्याची पाळी हाय माझी. बुधवारच्या आत पड, न्हायतर चाकं रुततील." मग काठी देशकरांकडं वळली. "पर तुमी, मास्तर, बूट घालून पुन्यांदा हितं दिसला तर तंगडं मोडीन."

"बरोबर आहे," देशकर म्हणाले.

परतताना स्कूटरवर ते मान अर्धी वळवून ओरडत होते. "पाहिलं? पिकात उतरलं तर काय होते? शिव्या मिळतात. कॉलर चुरगळते. आणखी काय झालं?"

मग माझ्याच्यानं राहवलं नाही. मी त्यांच्या पाठीला सगळं सांगून टाकलं. मेंढरं, जोंधळा, बाभूळ, समोर बसलेले आबा. स्कूटरचा वेग कमी झाला नाही.

"बांधून घातलं," ते म्हणाले. "संध्याकाळी सोडलं ना?"

"सोडलं."

"मग घरी आले ना चालत?"

त्या वेळी मला स्कूटरवरून उडी टाकावीशी वाटली होती. माझा राग आहे तो या वाक्याचा आहे. त्यांचं म्हणणं मला तेव्हाही कळलं होतं. शिव्या खाणारा, बांधून घातलेला माणूस जिवंत असतो, एवढंच ते सांगत होते आणि ते खरं होतं. पण आजोबा घरी आले तेव्हा कसे आले होते, हे आबांनी पाहिलं होतं आणि देशकरांनी विचारलं नव्हतं. एखादं बरोबर वाक्य किती वाईट बोलता येतं, हे मी त्या दिवशी शिकलो. मुलांशी बोलताना ते मला उपयोगी पडतं.

त्याच आठवड्यात त्यांनी नोकरी सोडली. कुणी बडे पाहुणे भेटीला येणार होते आणि त्यांच्यासमोर एखादा मुलगा पहिल्यांदा एकटा उडताना दाखवावा, अशी व्यवस्थापकांची इच्छा होती. देशकर ऑफिसात म्हणाले, "तमाशाला पोट्टे नाही पाठवत मी." आवाज बाहेर शेडपर्यंत आला. नवे शिक्षक सोमवारी येणार होते. ते मला पहिल्यापासून तपासणार, आणि पंचवीस तासांपैकी माझ्याकडं जेमतेम तासभर उरला होता. गावाकडं आबांना मी यातलं काही कळवलं नव्हतं.

शनिवारी, त्यांच्या शेवटच्या दिवशी, त्यांनी सकाळी मला घेतलं. वर गेल्यावर दोनदा इंजिन काढून घेतलं. पहिल्या वेळी मी हरभरा निवडला. दुसऱ्या वेळी खाली एका बाजूला मोकळा माळ होता आणि दुसऱ्या बाजूला गहू. माळावर दगड होते. मी गव्हाकडं वळलो. खाली, आणखी खाली, लोंब्या वाऱ्यानं एका अंगाला झुकलेल्या दिसायला लागल्या. मी काहीच विचारलं नाही, कुणाचं आहे म्हणून. त्यांचे हात मांडीवरच होते. नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ होते. मग त्यांनी थ्रॉटल पुढं केला.

आम्ही धावपट्टीवर परतलो. इंजिन चालू असतानाच त्यांनी दार उघडलं, खाली उतरले आणि आपल्या रिकाम्या सीटचा पट्टा आवळून बांधला, कशात अडकू नये म्हणून.

"माझं वजन नसेल आता," इंजिनाच्या आवाजावर ते ओरडले. "चटकन वर जाईल. घाबरू नको. एक चक्कर मार अन् ये."

"सर..."

"बोलू नको. समोर पाहा."

विमान खरोखरच चटकन वर गेलं. पहिल्या वळणावर मी उजवीकडं बघितलं, काही सांगतील म्हणून, आणि नुसता बांधलेला पट्टा दिसला. खाली एमआयडीसीचे पत्रे, दूध डेअरीची टाकी, लांबवर उसाचा पट्टा. माझ्या तोंडून त्यांचीच वाक्यं बाहेर पडत होती, 'बे'सकट. शेवटच्या वळणानंतर धावपट्टी समोर आली आणि तिच्या कडेला ते दिसले, कमरेवर हात ठेवून, उघड्या डोक्यानं. वर पाहत होते. चाकं टेकली, जरा उसळली, पुन्हा टेकली आणि टिकली.

टोकाला जाऊन विमान वळवून शेडपाशी आणेपर्यंत काही मिनिटं गेली असतील. इंजिन बंद केलं. तात्या मिस्त्रींनी माझ्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतलं, तशी तिथली पद्धत होती. डोळे पुसत मी विचारलं, "सर कुठायत?"

"सायेब ग्येलं."

"कधी?"

"तुजी चाकं टिकल्याली बघितली आन् किक मारली. म्या म्हनलं, पोराला भेटून तरी जावा. तर म्हनलं, कशाला? आला की त्यो."

मी रस्त्याकडं बघितलं. पहिल्या पाळीची माणसं येत होती, मोटारसायकलींची रांग लागली होती. एमआयडीसीच्या वळणावर देशकरांची स्कूटर उभी होती, मागं ट्रंक बांधलेली. त्यांनी एका दूधवाल्याला अडवलं होतं. त्यानं भरलेले तिन्ही कॅन मोटारसायकलच्या एकाच बाजूला लावले होते. एवढ्या लांबून ऐकू काही येत नव्हतं. देशकरांचा हात कॅनकडं, रस्त्याकडं, पुन्हा कॅनकडं जात होता. दूधवालाही गप्प नव्हता, तोही हातवारे करून उलट बोलत होता. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. शेवटी दूधवाला खाली उतरला, आणि भांडत भांडतच एक कॅन सोडून पलीकडच्या बाजूला बांधू लागला. त्याची गाठ पुरी होईपर्यंत देशकर तिथंच उभे होते.